दर एक तारखेचा साक्षीदार

एक ऑगस्ट, सकाळी साडेनऊ. हजर: मी, पाहुणे, पाहुण्यांनी एसटी स्टँडवरून धरून आणलेला रिक्षावाला. स्वयंपाकघरात माझी धाकटी बहीण, मिक्सरपाशी. आतल्या खोलीत, दार लावून, तिचा मुलगा.

पाहुणे म्हणजे बहिणीचा पूर्वीचा नवरा. घटस्फोटानंतर त्यांना काय म्हणायचं हे कुणी ठरवलंच नाही, म्हणून लग्नातलं 'पाहुणे' तसंच राहिलं. त्यांच्याइतका वेळेचा पक्का बाप कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतका गैरहजर बापही नसेल. मुलाची पोटगी द्यायला ते दर एक तारखेला, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान नोकरावर टाकून, इचलकरंजीहून जातीनं येत. पंचगंगेला पूर आला तेव्हा लांबचा वळसा घालून आले. बँकेत भरा म्हटलं की म्हणत, "आक्का, बँकेला त्वांड हाय का? उद्या कोर्टात हुभी राहून बोलंल व्हय?"

बोलणारं तोंड हवं म्हणून ते साक्षीदार आणत. दर महिन्याला नवा, वाटेत भेटेल तो. केळीवाला, कंडक्टर, एकदा तर आमच्याच गल्लीत पत्ता शोधणारा कुरिअरवाला. वाटेत ते त्याला आपली बाजू सांगून ठेवत, त्यामुळे तो दारातून आमच्याकडे वैऱ्यासारखा बघत आत येई. मग चहा होई, नोटा मोजल्या जात, पाहुणे पावती मोठ्यानं वाचत आणि साक्षीदार सही करी. तेवढा वेळ बहीण मिक्सर चालू ठेवी, वाटायला काही असो वा नसो. जाताना पाहुणे विचारत, "जेवतोय न्हवं?" गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारावं तसं. उत्तराला थांबत नसत. केळीवाला मात्र चहा पिऊन त्यांच्यावरच उलटला होता. "पावणं, एवढ्या पैशात पोराचं दप्तर तरी येतंय का?" त्यानंतर पाहुण्यांनी केळीवाला कधी आणला नाही.

तर एक ऑगस्ट. पाहुण्यांनी नोटांशेजारी पेढ्यांचा पुडा ठेवला.

"सुटलो, आक्का. परवा अठरा भरली की त्येची. ह्यो जुलैचा शेवटचा."

मी म्हटलं, वारणानगरला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. फी, हॉस्टेल, पुस्तकं. खरा खर्च तर आता आहे.

"सज्ञान झालाय न्हवं? मग सज्ञानानं आपलं आपण बघावं."

अठरा भरली की भूक थांबते, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसावं. पाहुण्यांनी मात्र तो तसाच वाचला होता. बहिणीच्या पाटल्या आदल्याच आठवड्यात बँकेत गेल्या होत्या. ते मी सांगितलं नाही.

पावती वाचून झाली आणि रिक्षावाला चहा संपवून उठला. "आईनं सांगून ठेवलंय, कुनाच्या कागदाला हात लावायचा न्हाई." गेलाच. पाहुणे घाबरेघुबरे होऊन खिडकीतून दुसरं कुणी दिसतंय का बघू लागले.

आतलं दार उघडलं. भाचा बाहेर आला. "मी करतो सही. आता चालते माझी."

मिक्सर थांबला. पाहुणे त्याच्याकडे मान वर करून बघत राहिले. "कवा एवढा झालास रं?"

"दर महिन्याला थोडा थोडा," तो म्हणाला. सही केली, पेन टोपण लावून ठेवलं आणि आत गेला. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

एक सप्टेंबरला साडेनऊला बेल वाजली. पाहुणे. सोबत काठी टेकत आलेले एक आजोबा. मी सवयीनं चहा टाकला. बहीण मिक्सरपाशी गेली, पण तो तिनं लावला नाही. पैसे नव्हते, पावती नव्हती. आजोबांनी चष्मा पुसला. "कशाची साक्ष द्यायची म्हनं?"

"मी आलतो याची," पाहुणे म्हणाले.

मग म्हणाले, पोराचा फोन नंबर मिळंल का. मी म्हटलं, तो हॉस्टेलवर गेलाय, त्याला विचारून सांगते.

भाचा दर रविवारी फोन करतो. मेसचं सांगतो, कपडे वाळत नाहीत म्हणतो. माझ्या कामांच्या यादीतला गॅस झाला, घरपट्टी झाली, गाद्यांना ऊन दाखवून झालं. 'नंबर द्यावा का, विचारणे' ही ओळ तेवढी मी दर आठवड्याला नव्या यादीत उतरवून घेते.