मिसरच्या राजाचं मन कुणी दगड केलं?

शेजारच्या रूथबाईंचं नाव आधी घेते. त्या नसत्या तर भरल्या पंगतीत माझी मान खाली गेली असती.

परदेशातल्या आमच्या वेस्ट विंडसरहून त्यांच्या भावाचं घर गाडीने दीड तास. रूथबाई पुढे गाडी चालवत, मी नि सूनबाई स्नेहल मागे. कडेची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. स्नेहलने वाटेतच सांगितलं होतं, "आई, आज सेडर (सुटकेच्या आठवणीचं यहुदी जेवण). गोष्ट सगळे टर्न घेऊन वाचतात." माझी शाळा सहावीत सुटली. हे स्नेहलखेरीज इथे रूथबाईंनाच ठाऊक.

टेबलावर मात्झा (न फुगवलेली कोरडी पोळी), मिठाचं पाणी, द्राक्षाचा रस. स्नेहल कानाशी सांगत होती. मिसरच्या (इजिप्तच्या) राजाने यांच्या पूर्वजांना गुलाम केलं. देव संकट धाडी, राजा कबूल होई, संकट टळलं की फिरे. शेवटी तर देवानेच त्याचं मन दगड केलं. दहा संकटं, शेवटच्यात राज्यातली घरोघरची थोरली लेकरं मेली; दर संकटाला रसाचा एक थेंब बोटाने काढायचा. मला वाटलं, चित्राहुती. मी ताटाभोवती गोल थेंब मांडले, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर.

"आई, ताटात टाका. शत्रूही मेले ना, म्हणून आपला आनंद थोडा कमी करायचा."

डाग पुसतेय तोच गोष्टीचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे आलं. रूथबाईंनी पानावर तळवा ठेवला; त्या बोलल्या ते स्नेहलने कानात मराठीत सांगितलं. "माझी मैत्रीण वाचणार नाही, प्रश्न विचारणार. आज विचारणाऱ्याचा मान मोठा."

डोक्यात होतं तेच तोंडून निघालं. "देवानेच मन दगड केलं, मग शिक्षा राजाला का?"

स्नेहलने ते इंग्रजीत सांगितलं. मग रूथबाईंचे भाऊ बायकोकडे वळले. "ऐकलंस? चाळीस वर्षं मी हेच विचारतोय."

"आणि मी चाळीस वर्षं सांगतेय, आधी त्याने स्वतःच केलं होतं. हट्टाची सवय लागली की माणूस वळत नाही. आरशात बघ."

सगळं टेबल हसलं, आणि मग जे भांडण जुंपलं. भाषांतर करून स्नेहल दमली. शेवटी भाऊ म्हणाले, "पाहुण्या काय म्हणतात?"

"राजाचं ठीक आहे. त्याच्या राज्यातल्या लेकरांनी काय केलं होतं?"

भावांनी बोट पुन्हा रसात बुडवलं आणि अकरावा थेंब ताटात टाकला.

परतताना मी इतकी बोलत होते की रूथबाईंनी गाडीतला रेडिओ बंद केला. सहावीनंतर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. रूथबाईंना एक दिवस कराडला नेणार आहे. आमच्या गोतावळ्यात, चहूकडून मराठी सुरू झालं की त्या बावरतील. तेव्हा त्यांच्या शेजारी मी बसेन.