अकरा वाजता थांबणारे आबा

अकरा नोव्हेंबरला सकाळचे अकरा वाजले की कारभारी आबा जिथे असतील तिथे थांबतात. हातात विळा असेल तर तो खाली ठेवतात, बोलत असतील तर वाक्य अर्धवट सोडतात. दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहतात आणि मग जिथून सोडलं तिथूनच काम पुढे धरतात. मोसम नदीकाठी त्यांच्या शेताला माझं शेत लागून आहे. ते नोकरीवरून गावी परतल्यापासून दर वर्षी मी हे पाहत आलो आहे, म्हणून लिहायचा हक्क माझा. आम्ही नामपूरकर घरात अहिराणी बोलतो. इथे मात्र सगळ्यांना कळेल असं लिहितो.

हे थांबणं आबांच्या आजोबांपासून आलं. त्यांचं नाव लहानू. पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीत भरती झाले. निघताना गावच्या खंडोबापुढे त्यांनी बेलभंडारा उचलला: ज्या राजाचं मीठ खाईन त्याला पाठ दाखवणार नाही. राजा सात समुद्रांपलीकडचा, इंग्लंडचा. त्याचं तोंड त्यांनी फक्त नाण्यावर पाहिलेलं. फ्रान्सच्या चिखलात चार वर्षं त्यांनी खेचरं हाकली, आणि एका सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. आजोबा सांगत, माणसं रडली, पण खेचरं बिथरली. एवढी शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. दोन्ही हातांत लगाम धरून आजोबा उभे राहिले. पुढे नामपुरात औत हाकतानाही ते त्या दिवशी, त्या वेळी बैल थांबवत. काही वर्षांनी बैल आपणहून थांबू लागले, असं आबा सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही.

कारभारी आबा तरुणपणी नाशिकच्या सातपूरला गेले, एका कारखान्यात लेथवर लागले. तिथेही अकराला मशीन बंद. पहिल्या वर्षी साहेबांनी कारण लिहून मागितलं. आबांनी लिहिलं, ‘दुखवटा’. साहेबांनी विचारलं, कोणाचा? आबांनी खाली लिहिलं, ‘युरोपातल्या चार गाद्यांचा’. तो कागद म्हणे वरच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवरून फिरला. शेजारच्या मशीनवर गोटीराम नावाचा सोबती होता. तो म्हणायचा, “कारभारी, तिथले अकरा म्हंजे आपले दुपारचे साडेचार. तवा तर तुझी पाळी सुटलेली असती. घरी जाऊन रड की.”

“माणूस जिथं उभा असतो तिथलेच अकरा धरायचे,” आबा म्हणाले.

दुसऱ्या वर्षापासून गोटीरामही आपलं मशीन बंद करू लागला. बिडी ओढायला, असं तो सांगायचा.

पाळी सुटल्यावर आबा वाचनालयात बसत. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली, चाळीस वर्षांत तीन वह्या भरल्या. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान: त्या लढाईत कोणता बादशहा कधी गेला, कोणती गादी कधी मोडली, सगळ्या तारखा त्यांत आहेत. सतरा जुलैला ते गोड खात नाहीत. त्या दिवशी रशियाच्या झारला बायकापोरांसकट तळघरात मारलं. ऑस्ट्रियाचा शेवटचा बादशहा परक्या बेटावर आजारात गेला, ती एक एप्रिल. त्या दिवशी गाव एकमेकांना फसवत असतं आणि आबा ओट्यावर गप्प बसलेले असतात.

मी एकदा स्पष्टच विचारलं, “आबा, त्या राजांनी आपल्याला लुटलं. त्यांच्यासाठी तुम्ही का झुरता?”

आबा म्हणाले, “राजा चांगला होता असं मी म्हणत नाय. माझ्या आजाला त्यानं काय दिलं? एक बिल्ला. पण शपथ घ्यायला माणसाला एक तोंड लागतं समोर. खुर्चीपुढं शपथ घेता येती, खुर्ची मोडली म्हणून रडता येत नाय. राजा होता तवा चूक कोणाची ते तरी कळायचं. आता सगळे मिळून चुकतात, आन कोणाचीच मान खाली जात नाय.”

त्यांची नात वेदिका फोनवर त्यांना त्या बादशहांचे राजवाडे दाखवते. आरशांची दालनं, सोन्याच्या खुर्च्या, त्यांच्यापुढे फोटो काढणारी गर्दी. एकदा आबांनी विचारलं, “आत जायला काय लागतं?” ती म्हणाली, “तिकीट.” आबांनी फोन तिच्या हातात परत दिला. “मग संपलं,” म्हणाले. “घरात शिरायला तिकीट लागलं म्हंजे घरधनी मेला.”

आता मूळ गोष्ट. लहानू आजोबांना दोन मुलगे. थोरल्याचा मुलगा भिमाजी, धाकट्याचा मुलगा कारभारी. थोरल्या घराने तोफा थांबल्या तो दिवस तिथीने धरला. मेलेल्यांचा दिवस तिथीनेच, म्हणून जुन्या पंचांगात पाहून कार्तिक शुद्ध अष्टमी ठरवली. धाकट्या घराने तारीख धरली. राजाचा दिवस राजाच्या कॅलेंडराने. एकाच आजोबांची नातवंडं एकाच कारणासाठी दोन वेगळ्या दिवशी उभी राहत. आधी त्यावर चेष्टा चाले. मग एका वर्षी भिमाजीच्या शेतातल्या ट्रॅक्टरने बांध हातभर कोरला, हद्दीचा दगड हलला, आणि दोन्ही घरांचं बोलणंच चौदा वर्षं थांबलं. राजाचं तोंड कोरलेला आजोबांचा बिल्ला थोरल्या घरात राहिला. आबांनी तो चौदा वर्षांत पाहिला नव्हता.

मग एका दिवाळीत कळलं की भिमाजी जमीन विकतोय. मुलगा दीपक नाशिकला असतो, तिकडेच कायमचं जायचं. मालेगावच्या एका व्यापाऱ्याशी बोलणी झाली होती, महिनाअखेर खरेदीखत. आबा पंचांग घेऊन बसले. त्या वर्षी अष्टमी बरोबर अकरा तारखेला येत होती. अशी गाठ फार क्वचित पडते, आणि भिमाजी नामपुरात असताना ती पुन्हा पडणार नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. आबा नेहमीचंच सांगत होते. इंग्लंडचा राजा आणि झार मावसभाऊ, जर्मनीचा कैसर त्या इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ. लढाईच्या तोंडावर झार आणि कैसर एकमेकांना लाडक्या नावांनी तारा पाठवत होते. “सख्ख्या भावावानी तारा,” आबा म्हणाले. “पण उठून कोणी गेलं नाय. एक जरी गेला असता, तर चार गाद्या वाचल्या असत्या.”

आबांच्या पत्नी बायडाबाई आत भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अहो, त्यांच्यात देश होते मधे. तुमच्या मधे हातभर बांध हाय.”

आबांनी वही मिटली. त्या रात्री ते जेवले का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिमाजीच्या दारात गेले. सोबत म्हणून मला नेलं. भिमाजी ओट्यावर काठी टेकून बसला होता. गुडघे गेलेले, उठवत नव्हतं. त्याची बायको साळूबाई बाहेर आली, आणि आबांना पाहून तिने पदर सावरला.

“भाऊजी, बसा.”

भिमाजी तिच्याकडे बघून बोलला. “साळू, इचार त्यांना. वाट चुकली का?”

“वहिनी, दादाला सांगा,” आबा म्हणाले, “यंदा अष्टमी अकरा तारखेलाच हाय.”

“त्यांना सांग, आमची अष्टमी कुठं गेली नाय. त्यांची तारीखच फिरत फिरत आमच्याकडं आली.”

“दादाला सांगा, मी बांधावर उभा राहणार हाय. आजोबा औत थांबवायचे तिथंच.”

भिमाजीने काठी या हातातून त्या हातात घेतली. “त्यांना सांग, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.”

चहा झाला. येतो किंवा येत नाही, यातलं काहीच तो बोलला नाही. परतताना आबा म्हणाले, “झारची शेवटची तार बी अशीच होती. गोड, आन उत्तर नसलेली.”

अकरा तारखेला थंडी पडली होती. बायका रांगड्या, म्हणजे उशिराच्या कांद्याचं रोप लावत वाफ्यांत वाकल्या होत्या. आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बांधावर गेले. मी माझ्या शेतातून पाहत होतो. भिमाजीचं शेत रिकामं होतं. आबांनी एकदा तिकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मान खाली घातली.

मिनिटभराने मला भिमाजी दिसला. त्याच्या बाजूने बांध चढवत नव्हता, म्हणून तो खालून, नाल्याच्या वाटेने, सगळं शेत वळसा घालून आबांच्या बाजूने येत होता. काठी ढेकळांत रुतत होती. आवाज आबांना नक्की ऐकू गेला असणार, पण त्या दोन मिनिटांत मागे वळायचं नसतं. भिमाजी पोहोचेपर्यंत आबांची वेळ संपली. त्यांनी मान वर केली.

“झालं का तुझं?” भिमाजी धापा टाकत म्हणाला. चौदा वर्षांत हे पहिलं सरळ बोलणं. “माझं आत्ता सुरू होतंय.”

आबांनी त्याच्या कोपराखाली हात घातला आणि पुन्हा मान खाली घातली. बायका रोप लावता लावता थांबल्या. मीही टोपी काढली. मी राजेलोकांचा माणूस नाही, तरी काढली.

नंतर भिमाजीने कमरेचा फडका सोडून बिल्ला बाहेर काढला. साळूबाईने आणि तिच्या सासूने दर दिवाळीला चिंचेने घासून घासून तो आरशासारखा केला होता. राजाचं तोंड पार झिजलं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता एक उंचवटा. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“ओळखू येत नाय,” भिमाजी म्हणाला.

“आजोबांनी तरी कुठं पाहिला होता?” आबा म्हणाले आणि बिल्ला परत त्याच्या फडक्यात बांधून दिला. “थोरल्या घरातच राहू दे.”

जमीन ठरल्याप्रमाणे गेली. भिमाजी नाशिकला दीपककडे राहायला गेला, तिसऱ्या मजल्यावर. नव्या मालकाने बांधाला तारेचं कुंपण घातलं.

पुढच्या वर्षी तिथी आणि तारीख पुन्हा वेगळ्या झाल्या. आबा कुंपणाजवळ दोनदा उभे राहिले, तारखेला एकदा आणि अष्टमीला एकदा.