धडधाकट गुडघा

सिस्टरचं अर्धं आयुष्य इस्पितळाच्या अपघात विभागात गेलं होतं. तिथे एकच शहाणपण चालायचं: कुणी पडलं की आधी पळायचं, विचार मागाहून. मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाबरोबर ती परदेशी स्पर्धेला निघाली, तेव्हा नवरा म्हणालाही होता, "तिथे तरी जरा बूड टेकून बस. खेळायला मुली आहेत."

बसणं हेच तिथलं काम निघालं. पंचाने खुणावलं आणि औषधाची पेटी मैदानात आली, की पडलेल्या मुलीने बाहेर जायचं. खेळ पुन्हा सुरू झाला, पंचाने बोलावलं, की मगच आत. तोवर संघ लंगडा. हा नियम सिस्टरच्या अगदी जिवावर यायचा. म्हणून मुलींनी तिच्याशी खुणा ठरवल्या होत्या. हात वर म्हणजे ये. तळहात जमिनीवर म्हणजे येऊ नकोस, नुसती दम खातेय.

शेवटच्या साखळी सामन्यात बरोबरी पुरेशी होती. बरोबरी टिकली तर पुढची फेरी, नाहीतर बोचकी बांधायची. खेळ संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि नेमकी तेव्हाच जिराफ पडली. संघातली सगळ्यांत उंच मुलगी. उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतवायचा तो तिनेच. गुडघा धरून ती आडवी झाली होती.

दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीवर होता. सिस्टरने तो पाहिला. पण चेहराही पाहिला. पिळवटलेला, रंग उडालेला. पंचाने बाकाकडे बघून हाताने विचारलं.

"बसा!" कोच ओरडले. "सिस्टर, खाली बसा!"

ती केव्हाच रेषेच्या आत गेली होती.

जिराफ ताडकन उठली. "काही झालं नाहीये! खरंच काही नाही!" पंचाने बाहेरची वाट दाखवली. दोघी रेषेबाहेर उभ्या राहिल्या. एकीच्या हातात बर्फ वितळत होता, दुसरी जागच्या जागी नाचत पंचाला हात करत होती. चेंडू उंच आला. जिराफचं डोकं असायचं तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं उठलं.

गोल.

सामना संपल्यावर कोच एवढंच म्हणाले, "तुम्ही इस्पितळातच बऱ्या होता." नवऱ्याचा निरोप आला होता: टीव्हीवर दिसलीस. काय पळालीस गं!

कपडे बदलायच्या खोलीत सिस्टर जिराफसमोर गुडघे टेकून बसली.

"मी तळहात ठेवला होता ना?"

"दिसला मला."

"मग?"

"तुझा चेहराही दिसला."

"चेहऱ्याचं काही ठरलं नव्हतं," जिराफ म्हणाली.

सिस्टर गुडघा दाबून बघू लागली. आतून, बाहेरून, वाटीखाली. पुन्हा आतून. कुठे सूज नाही, ऊब नाही. जिराफ हूं की चूं करत नव्हती. मग सिस्टरची बोटं थबकली. आपण सूज शोधत नव्हतो, मागत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

जिराफ जवळ वाकली. "सिस्टर, दुखत होतं असं सांगू का सरांना?"

"गप्प बस. मोजे काढ."

आणि तिने त्या धडधाकट गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली, वरून घट्ट पट्टी बांधली.