मशीनमागची खुर्ची

वहिनी जुनं शिलाई मशीन बघायला आल्या की दुकानदाराची धडगत नसायची. तो बिचारा फडकं मारून मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी दाखवत असायचा, आणि वहिनी तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. आधी हातचाक स्वतः फिरवायचं, अगदी सावकाश, डोळे मिटून, कान मशीनजवळ नेऊन. कुठे चाक अडखळलं की विचारायच्या, "काय हो, यात स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं का कुणी?" ओतलेलं असायचंच. ते आत सुकून डिंकासारखं बसतं, यावर त्यांचं एक छोटं व्याख्यान व्हायचं. वरवरचा गंज त्यांना चालायचा, बिडाच्या सांगाड्याला गेलेली चीर चालायची नाही. कापड दाबणाऱ्या फुटाखालचे दाते बोटाने चाचपायच्या. झिजलेले असले तर जाड कापड पुढे सरकत नाही. आत कुठे प्लास्टिकचं चाक दिसलं तर, "खेळणं छान आहे, नातवंडांना द्या." शेवटी पिशवीतून मखमलीचा तुकडा निघायचा, घड्या घालून विटेसारखा जाड केलेला. आवाज न बदलता सुई त्यातून आरपार गेली तरच मशीन पास.

"बाई, मशीन घेताय की जावई शोधताय?" एकाने वैतागून विचारलं होतं.

"जावयाला एवढं तपासलं असतं तर अजून काय हवं होतं!" वहिनी म्हणाल्या. त्यांचा जावई तसा गुणाचा होता, पण टाळीचं वाक्य त्या सोडायच्या नाहीत. नाटक कंपनीचं पाणीच तसं.

मी त्या कंपनीत राण्यांची कामं करायची आणि वहिनी माझे कपडे शिवायच्या. वहिनींचे यजमान पडदा ओढायचे. त्यांना सगळी कंपनी दादा म्हणायची, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. माझा घागरा कमरेत उसवला की भर विंगेत, तोंडात टाचण्या धरून त्या म्हणायच्या, "राणीसाहेब, राज्य नंतर सांभाळा, आधी ही कंबर सांभाळा." मी तशीच टाचण्या टोचून घेत प्रवेश करायची आणि समीक्षक लिहायचे की बाईंच्या चेहऱ्यावरची वेदना फार खरी होती.

त्यांचं मशीन काळं, सगळं लोखंडाचं, पायाने चालवायचं. सरळ टाका घालण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं. मागे टाका घालायची सोयही नव्हती, कापड फिरवून घ्यावं लागायचं. पण ताडपत्री असो की दुपदरी मखमल, ते शिवायचं. मुक्काम बदलला की ट्रकमधून पहिलं मशीन उतरायचं, मग राजसिंहासन.

दादा अबोल. पण शेवटचा पडदा कुठल्या वेगाने पाडायचा हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. विनोदी नाटकात धाडकन पाडायचे. मी मुलाचं कलेवर मांडीवर घेऊन बसले असले तर तोच पडदा असा उतरायचा, जणू कुणीतरी माझ्यावर पांघरूण घालतंय. त्या माणसाला कापडाचा भार हातात कळायचा.

नवा पडदा शिवायचा असला की चार दिवस तेच काम चालायचं. वहिनी पुढून कापड खांद्यावर टाकून घ्यायच्या आणि थोडं थोडं सुईखाली सोडायच्या. मशीनच्या मागे दादा खुर्ची टाकून बसायचे. शिवलेलं कापड त्यांच्या मांडीवर जमत जायचं. दोन्ही हात कापडाखाली, डोळे मिटलेले.

"बघा!" वहिनी आम्हाला दाखवायच्या. "मी इथे पाय मोडेस्तोवर राबतेय आणि हे खुर्ची उबवतायत."

"अगं, कुणीतरी प्रेक्षक नको का?" दादा डोळे न उघडता म्हणायचे.

"प्रेक्षक झोपलाय!"

"नाटकच तसं आहे."

आम्ही खो खो हसायचो. वहिनी त्यांना ठोकळा म्हणायच्या. "माझा लाकडाचा ठोकळा," असं, लाडाने आणि रागानेही. ही जुगलबंदी इतक्या वेळा झाली की आम्हाला ती पाठ होती. एक गोष्ट मात्र आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. वहिनी झबली-पोलकी शिवायच्या तेव्हा दादा तिकडे फिरकायचेही नाहीत. जड काम निघालं की न बोलावता खुर्ची घेऊन हजर.

कंपनी बंद पडली. सामान ज्याने त्याने वाटून नेलं. मी एक खोटा मुकुट आणला, वहिनींनी मशीन आणलं, दादांनी जुना लाल पडदा. त्यांची मुलगी लहानपणी विंगेत त्याच पडद्याच्या टोकात गुंडाळून झोपायची. नवराबायको माझ्या घराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहू लागले. खिडकीपाशी मशीन, मशीनमागे खुर्ची. वहिनी गोधड्या, गाद्यांच्या खोळी, गाड्यांची आच्छादनं असं जड काम घ्यायच्या, कारण ते करणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं.

मुलगी लग्न होऊन लांब, थंडीच्या गावी गेली. एकदा फोनवर ती दादांना म्हणाली, "बाबा, त्या पडद्याची गोधडी द्या ना मला. इथे झोपच येत नाही." दादा म्हणाले, "देतो." आयुष्यात त्या माणसाने कुणाला कधी काही कबूल केलं नव्हतं. तो एकच शब्द दिला.

एका बाजूला लाल मखमल, दुसऱ्या बाजूला मऊ जुनं सुती कापड, मध्ये कापसाचा थर. गोधडी कसली, गादीच ती. अर्ध्याच्या थोडी पुढे शिवून झाली होती तेव्हा एका सकाळी दादा उठलेच नाहीत. गोधडी मशीनवर तशीच होती, सुई कापडात रुतलेली. वहिनींची शिस्त होती ती. काम अर्धं सोडताना सुई वर ठेवायची नाही, ओळ सरकते.

मुलगी आली, दिवस झाले, जाताना म्हणाली, "आई, दोन महिन्यांनी येते आणि तुला घेऊन जाते. खोल्या सोडून देऊ." वहिनींनी मान डोलावली. त्यांच्या मनात एकच होतं. लेक येईल तेव्हा तिच्या बापाने कबूल केलेली गोधडी पुरी झालेली हवी.

आणि मशीन शिवेना.

म्हणजे सुरुवातीला शिवायचं. ओळीच्या आरंभी टाके मोत्याच्या सरीसारखे. पाव ओळ झाली की लांबायला लागायचे, मग वाकडे जायचे, मग टक्कन सुई मोडायची. वहिनी उसवायच्या, पुन्हा शिवायच्या. जाड सुई लावून पाहिली, दोऱ्याचा ताण कमी-जास्त करून पाहिला.

"हिने हाय खाल्ली," त्या मशीनवर हात ठेवून मला म्हणाल्या. "इतकी वर्षं दोघांना बघितलंय हिने. आता नाही होत तिच्याने."

आम्ही मशीन रिक्षात घालून मिस्त्रींकडे नेलं. हे मिस्त्री जुनी मशीनं दुरुस्त करायचे आणि विकायचेही. वहिनींशी भांडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी मशीन उघडलं, रॉकेलने धुतलं, तेल दिलं, मखमलीच्या घडीवर चालवलं. झकास टाका. घरी आणलं, गोधडी चढवली, पाव ओळीनंतर पुन्हा तेच.

मग सुरू झाली मिस्त्रींच्याच दुकानातून मशीनांची वारेमाप खरेदी. कातडी पिशव्यांच्या कारखान्यातून निघालेलं एक धूड आलं. त्याला उचलायला चार माणसं लागली. दुकानात त्याने जाड पट्टासुद्धा लोण्यासारखा शिवला. घरी गोधडी वाकडीच. मग हाताने फिरवायचं एक ठेंगणं, भारी मशीन आलं. तेही नापास. दोन खोल्यांत तीन मशीनं. मला बसायला जागा उरली नाही, मी पलंगावर पाय वर घेऊन बसायची.

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, राहू दे गं. गोधडी इथे विकत मिळते."

"मिळते ना? मग आईसुद्धा मिळते का बघ," म्हणून वहिनींनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

लेकीच्या येण्याला आठवडा राहिला तेव्हा मिस्त्री स्वतः घरी आले. तीन मशीनं वाया गेली म्हणजे त्यांच्या अब्रूचाच प्रश्न होता. म्हणाले, "चालवा बघू माझ्यासमोर."

वहिनींनी गोधडी खांद्यावर घेतली, काळ्या मशीनवर शिवायला लागल्या. मिस्त्री सुईकडे बघत होते. पाव ओळ झाली. शिवलेला भाग मशीनच्या मागून घसरला आणि आपल्या वजनाने जमिनीकडे लोंबायला लागला. टाका लांबला.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "मागे कोण धरतं?"

"काय धरतं?"

"अहो, हा भार. एवढं जड कापड मागे लोंबलं तर ते सुईखालचं कापड ओढणारच. सुई वाकणार, मोडणार. मशीन काय करील? आधी मागे कोण धरत होतं?"

वहिनींनी खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. रिकाम्या खुर्चीवर दादांचा टॉवेल तसाच टाकलेला होता.

मिस्त्रींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपल्या कामाच्या तंद्रीत होते. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, जेवणाचं टेबल ओढत आणलं, मशीनला मागून भिडवलं, पायांखाली विटा घालून उंची बरोबर केली. "हं, आता."

वहिनींनी पाय मारला. कापड सुईखालून निघून टेबलावर पसरत गेलं. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सरळ. एकसारखी. दादा असतानाच्या ओळीशेजारी ठेवली तर फरक सांगता येऊ नये अशी.

"झालं!" मिस्त्री खुशीत म्हणाले. "उगाच तीन-तीन मशीनं!"

ते गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "जन्मभर त्यांना लाकडाचा ठोकळा म्हणाले. शेवटी त्यांच्या जागी लाकूडच आणून ठेवलं."

मी रंगभूमीवर शोकाची किती भाषणं म्हटली असतील! त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी टेबल बाजूला सारलं, खुर्ची ओढली आणि बसले. "चला, मी धरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिवायला घेतलं. मी मन लावून, दोन्ही हातांनी कापड घेत होते. चार बोटं ओळ झाली असेल, टक्कन सुई मोडली.

"ओढू नका, राणीसाहेब."

"ओढलं नाही हो."

"ओढलंत. माणूस ओढतोच. हातात आलं की ओढतो." त्यांनी सुईचा तुकडा कापडातून हळूच काढला. "टाक्यामागून टाका, जेवढं येईल तेवढंच घ्यायचं. माझ्या पायाचा ताल ओळखून घ्यायचं. डोळे मिटून बसायचे ते..." त्या थांबल्या. "ते झोपलेले नसायचे हो. एकदासुद्धा झोपलेले नव्हते. आणि मी चारचौघांत..."

गोधडीत तोंड खुपसून त्या रडल्या. दादा गेले त्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा नवरा गेला होता. आज कळलं की नवरा कोण होता, आणि हे ज्याला सांगायचं तोच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून टेबल लावून त्या शिवत राहिल्या. टोमणा मारत नव्हत्या. मी रोज जाऊन पलंगावर बसायची. शेवटची ओळ राहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "जरा हात लावा. टेबल सरकवू."

"अहो, वाकडं जाईल."

"माहीत आहे."

आम्ही टेबल भिंतीला लावलं. त्यांनी खुर्ची जिथे असायची तिथे ठेवली, तिच्यावरचा टॉवेल सारखा केला आणि शिवायला बसल्या. अख्खी गोधडी मागे लोंबत होती. टाके लांबले, भरकटले. एकदा सुई मोडली. त्यांनी दुसरी लावली. ओळ संपल्यावर दोरा दातांनी तोडला.

मुलगी आली. गोधडी जमिनीवर पसरली, ती गुडघ्यांवर बसून तळवा फिरवत गेली. कडेच्या ओळीवर हात अडकला.

"आई, ही एवढी ओळ उसवून घालू या? टाके सुटतील इथले."

"सुटले तर हाताने घाल."

"पण सगळी इतकी सुंदर झालीय, मग हीच अशी का?"

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, लेकीकडेही नाही. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा नाहीत, हे कुठेतरी दिसायला नको का?"

मुलीला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी नंतर सांगितलं, तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. विंगेत झोपायची तेव्हा होती तेवढी लहान झाली ती.

वहिनी लेकीबरोबर गेल्या. दोन मशीनं मिस्त्रींनी परत नेली. काळं मशीन आणि खुर्ची माझ्या घरी आहेत. खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही. स्वतःही बसत नाही.

परवा वहिनींचा फोन आला. आवाज बारीक झालाय. लेकीने नवं, विजेवरचं, हलकं मशीन घेऊन दिलंय म्हणे. मी विचारलं, "चाक फिरवून बघितलंत का? कान लावला का?"

"नाही हो. आणलं तसं घेतलं."

"काय शिवताय मग?"

"झबली. उशांचे अभ्रे. असंच हलकंसलकं." मग म्हणाल्या, "जड काही काढत नाही आता, राणीसाहेब."