'सगळं ठीक' म्हणायचं नाही

आमच्या काकूला देशाच्या ऊर्जाधोरणाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. वीज कोळशावर करावी की उन्हावर, कोळसा परदेशातून जहाजाने आणावा की आणू नये, हे ज्याचं त्याने बघावं. तिचं स्वतःचं धोरण एका वाक्याचं होतं: "हा माणूस दिवसा घरात नको."

आणि सरकारने नेमकं काकांचंच वीजकेंद्र बंद करायचं ठरवलं. धूर फार, कोळसा परका, उद्या कुणी जहाजं अडवली तर अख्खा देश अंधारात, अशी कारणं रेडिओवर सांगत होते. कारणं खरीच होती. काकाही मान डोलवायचे. फक्त बातम्या संपल्या की रेडिओत घरघर आहे म्हणून तो उघडून बसायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या आम्हाला शेजारी जाऊन ऐकाव्या लागायच्या.

काका बॉयलरवर होते. भट्टीत कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चाक फिरतं आणि वीज तयार होते. त्यातलं वाफेपर्यंतचं राज्य काकांचं. उभा जन्म तिथे गेला. तिथे त्यांना सगळे 'खुट्ट' म्हणत, कारण शिफ्ट संपली की पुढच्या माणसाच्या हाती काम देताना ते हमखास म्हणायचे, "कुठेतरी खुट्ट वाजतंय, लक्ष ठेव."

हा काही एकट्या काकांचा चक्रमपणा नव्हता, बॉयलरवाल्यांचा रिवाजच होता तसा. जाणाऱ्याने येणाऱ्याला निदान एक तरी दोष सांगायचा. झडप गळतेय, पंप तापतोय, अगदीच काही नसेल तर दाराची कडी ढिली आहे. 'सगळं ठीक' म्हणून निघून जाणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर लपवाछपवी करणारा. फार वर्षांपूर्वी असाच एक जण 'सगळं ठीक' म्हणून घरी गेला, त्याच्या मागे नळी फुटली आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाचा हात भाजला. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

तर असे हे काका घरी आले आणि घरातले दोष शोधायला लागले. दोषांना काय तोटा! नळ ठिबकत होता, पंखा कुरकुरत होता. ते दुरुस्त झाल्यावर काका स्वयंपाकघराकडे वळले. कुकरची शिट्टी झाली की जिथे असतील तिथून धावत यायचे.

"दाब वाढलाय! झडप तपासली होतीस का?"

"अहो, कुकर आहे तो! शिट्टी नाही करणार तर काय गाणं म्हणणार?"

"आधी मागे सरक," असं म्हणून काका तिच्या आणि कुकरच्या मध्ये उभे राहायचे. काकूच्या नाकी नऊ आले. शेवटी ती काका आंघोळीला गेल्यावरच कुकर लावायला लागली, आणि काका अर्ध्या आंघोळीतून ओरडायला लागले.

एवढ्यात बातमी आली, की बंद केंद्राच्या राखेच्या मैदानावर सौरकेंद्र उभं राहतंय आणि जुन्या लोकांपैकी काही जणांना आधी शिकवून, पारखून मग कामावर घेणार आहेत. पारखून नापसंत झाले तर कायमचं घरी. काकूने त्याच दिवशी काकांना तिकडे पिटाळलं.

शिकवायला एक तरुण इंजिनिअर बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी काकांना काळ्या पॅनेलच्या रांगांमधून फिरवलं. "काका, इथे काही पेटत नाही, काही फिरत नाही, काही गळत नाही."

"मग मी करायचं काय?"

"लक्ष ठेवायचं."

काकांनी खिशातून लोखंडी सळई काढली, तिचं एक टोक पॅनेलच्या खांबाला आणि दुसरं कानाला लावलं. बॉयलरवर यंत्राचं पोटातलं दुखणं ते असंच ऐकायचे. बराच वेळ ऐकून ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे गेलंय."

संध्याकाळी तर आणखी पंचाईत. ऊन गेलं की गावाला वीज बॅटरीतून मिळायची. कुंपणापाशी बॅटरीच्या पांढऱ्या पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि काम हाती घ्यायला माणूस म्हणून कुणीच यायचा नाही. शिफ्ट अशी वाऱ्यावर सोडून जाणं काकांच्या रक्तात नव्हतं. ते त्या पत्र्यासमोर उभे राहायचे आणि मोठ्याने सांगायचे, "दिवसभर चाललंय बरं. पण मधल्या रांगेत एक नट सैल वाटतो. लक्ष ठेव." पहिल्या दिवशी मॅडमना वाटलं, काका फोनवर बोलताहेत.

मॅडम बिचाऱ्या समजूतदार. त्या म्हणाल्या, "काका, पत्र्याला सांगू नका, कॉम्प्युटरला सांगा. इथे 'आजचे दोष' असं विचारतो. काही नसेल तर 'काही नाही'वर बोट ठेवायचं, झालं."

पण 'काही नाही'वर काकांचं बोट जाईना! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. मग काका एका बोटाने टाइप करायला लागले. 'पहिल्या रांगेवर चिमणी बसली. उठवली.' 'चिमणी परत आली.' 'दुपारी ढग आला. न विचारता आला.' 'फाटकाची कडी ढिली.' 'शांतता फार आहे.'

कॉम्प्युटरला चिमणी कळत नाही, त्याला फक्त दोष मोजता येतात. वरच्या कार्यालयात सगळ्या केंद्रांचा आढावा निघाला, तेव्हा आमचं कोरं करकरीत केंद्र देशातलं सगळ्यात नादुरुस्त केंद्र ठरलं. एका बड्या अधिकाऱ्याने थेट पाहणीलाच यायचं ठरवलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "काका, ते साहेब तुम्हाला विचारतील, काही दोष आहे का. तुम्ही एवढंच म्हणायचं, सगळं ठीक आहे. नाहीतर तुमची निवड गेली म्हणून समजा. माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी तालीम सुरू झाली. काकू साहेब होऊन खुर्चीत बसली, एकावर एक पाय टाकून. "काय हो, काही दोष?"

काका सावधान उभे. "सगळं..."

"हं, पुढे?"

"सगळं... तुझ्या खुर्चीचा मागचा पाय हलतोय बघ."

काकूने कपाळावर हात मारून घेतला.

पाहणीच्या दिवशी काका चष्मा विसरून गेले. खरं म्हणजे काकूनेच तो लपवला होता. तो पोचवण्याच्या निमित्ताने मला तिकडे पाठवता यावं म्हणून. मी पोचले तेव्हा साहेब रांगा पाहून परत येत होते. उन्हाने लालबुंद झालेले, हातात टोपी. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी काकांकडे पाहिलं. "चिमणीवाले तुम्हीच का? आता सांगा. काही दोष आहे का?"

काका "सगळं..." म्हणाले आणि थांबले.

"एक दोष आहे, साहेब."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"दोष केंद्रात नाही. माझ्यात आहे. मी चालू आहे की बंद, हे कुणी सांगत नाही. बॉयलर बंद करताना आम्ही आग हळूहळू उतरवायचो. तापलेल्यावर एकदम गार पाणी मारलं तर तडा जातो. आम्हाला मात्र एका सकाळी फाटकावर पाटी दिसली, बस्स. धोरण चांगलंच आहे, धूर मीही पुष्कळ खाल्लाय. मला घेणार नसाल तर नका घेऊ. पण आज सांगा. एवढाच दोष. बाकी सगळं ठीक आहे."

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "या दोषाची नोंद करायची सोय आमच्याकडे नाही," ते म्हणाले. मग मॅडमना बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि जाता जाता काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्यापासून कायम या. फक्त चिमण्या कळवू नका."

मी धावत घरी आले आणि काकूला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणणार, सुटले बाई एकदाची. तिने गॅस बंद केला, तिथेच जमिनीवर बसली आणि ओले हात तोंडावर घेऊन रडायला लागली.

"रोज पहाटे उठून बूट घालायचे गं," ती म्हणाली. "केंद्र बंद झाल्यावरसुद्धा. बूट घालून दाराशी बसायचे, आणि घर जागं व्हायच्या आत गुपचूप काढून ठेवायचे. मी पडून असायची, ते काढेपर्यंत."

मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने काका आले, दाराशी टेकले आणि बुटांचे बंद सोडता सोडता म्हणाले, "पाय दुखले आज." काकूने डोळे पुसले, आणि त्यांच्या पायांसाठी पाणी गरम करायला ठेवलं.