आम्ही दोघींनी रचलेला शेवट

अंबरनाथ पूर्वेला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी तळमजल्यावर, माझी मैत्रीण वर. उडते घोडे, शापित राजवाडे, बोलणारी झाडं असलेलं जे पुस्तक हाती लागेल ते आम्ही वाचायचो. वाचनालयातल्या एका जादूच्या कादंबरीची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती. आम्ही तेव्हा सातवीत होतो. आधी खूप हळहळलो, मग गच्चीवर बसून शेवट आपणच रचला. राजकन्या चेटकिणीला मारत नाही, तिच्याकडेच शिकायला राहते. हा शेवट आम्ही कुणाला सांगितला नव्हता.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही उल्हासनगरच्या कॉलेजात गेलो आणि तिथे तिसरी भेटली. सिंधी मुलगी, मोठ्यानं हसणारी. तिच्या वडिलांच्या दुकानात जुन्या परदेशी पुस्तकांचे गठ्ठे यायचे. त्यातली ड्रॅगनची, तलवारींची जाडजूड इंग्रजी पुस्तकं ती आधीच बाजूला काढून ठेवायची. पहिल्या पानावर नकाशा असलेली. माझं इंग्रजी बेताचंच होतं. मैत्रिणीचं चांगलं होतं.

महिन्याभरात त्या दोघी कँटीनमध्ये नकाशावर बोट फिरवत बसू लागल्या. "अरे, ये जंगल पार केलं ना की बर्फाचा किल्ला येतो," सिंधी मुलगी सांगायची आणि माझी मैत्रीण मान डोलवायची. मी समोर चहा ढवळत बसायचे. "तू पण वाच ना," मैत्रीण म्हणायची. पण तोवर त्या दुसऱ्या भागावर पोचलेल्या असायच्या. घरी येतानाही ती त्याच किल्ल्याबद्दल बोलायची आणि मी मनातल्या मनात जळत राहायचे.

मग त्या दोघींनी टूम काढली. अशी पुस्तकं आवडणाऱ्या सगळ्यांनी एका रविवारी जमायचं, आवडत्या पात्राचा वेश करून यायचं आणि ती गोष्ट सांगायची. बदलापूरला एका वर्गमित्राचं घर रिकामं होतं. आम्ही सात-आठ जण जमलो. कुणी पुठ्ठ्याची ढाल आणली होती, कुणी कापसाची दाढी. सिंधी मुलगी आली ती जांभळ्या मखमली पडद्याचा झगा घालून. सगळे नुसते बघत राहिले. मी आईची काळी साडी गुंडाळून चेटकीण झाले होते. कुणीतरी विचारलं, "तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलीयेस का?"

माझी पाळी आली तेव्हा मी तीच पानं फाटलेली कादंबरी सांगितली. सांगण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. खोलीत कुणी चुळबुळही करत नव्हतं. राजकन्या तलवार उपसते तिथे मी मुद्दाम थांबले आणि मैत्रिणीकडे बघितलं. पुढचं आम्ही दोघी मिळून सांगू, असं मनात होतं.

"मारत नाही ती!" जांभळ्या झग्यातून आवाज आला. "तिच्याकडे शिकायला राहते. आणि मग म्हातारपणी तीच चेटकीण होते, हो ना?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मैत्रिणीला विचारलं, "तू हिला सांगितलंस?"

"हो, मागेच," ती सहज म्हणाली. "शेवटचं ते म्हातारपणाचं हिनं घातलंय. भारी आहे ना?"

भारी होतंच. आम्हाला दोघींना सुचलं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. मी डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी सिंधी मुलीकडे सरळ त्या बर्फाच्या किल्ल्याच्या गोष्टीचा पहिला भाग मागितला. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज थोडं थोडं वाचत गेले. त्या दोघींना गाठायचं एवढंच डोक्यात होतं. पण अर्ध्यावर आल्यावर गाठायचं विसरले, इतकी मी त्या बर्फात शिरले. पुढे मैत्रिणीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि मी आणि सिंधी मुलगी, आम्ही दोघीच उरलो. दर रविवारी मी उल्हासनगरला तिच्या वडिलांच्या दुकानात जायचे. नव्या गठ्ठ्यांतून आम्ही पुस्तकं निवडायचो आणि ड्रॅगनांवरून भांडायचो.

मैत्रीण बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळ झाल्यावर आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. बोलता बोलता चौथ्या भागावर आलो. ती पडल्या पडल्या ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मला काहीच कळत नाहीये गं. मी तिसराही वाचला नाही."

"मग सांगते की," मी म्हटलं आणि सरसावून बसले.

पण ती सिंधी मुलीकडे वळली होती. "तू सांग ना. तू छान सांगतेस."

ती सांगायला लागली. मी बाळाचं दुपटं नीट केलं, मैत्रिणीच्या आईनं आणलेला डिंकाचा लाडू उचलला आणि ऐकत बसले. एके ठिकाणी ती चुकली. सेनापती पुलावर मरतो, तिनं त्याला नदीत मारलं. मी लगेच म्हटलं, "पुलावर!" दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि गोष्ट पुढे गेली.