नाजूक मशीन

जळगावच्या ज्या कॉलेजात मी धुळ्याहून नमुने घेऊन जाते, तिथल्या मायक्रोस्कोपला एक इनचार्ज आहेत. हे मशीन केळीच्या खोडाची ताटाएवढी चकती निळ्या प्रकाशात स्कॅन करतं, आणि रंग लावलेली बुरशी त्यात चमकून दिसते. या इनचार्जना ते चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नाही. पण चपला आम्ही दाराबाहेर काढायच्या, आणि जरा जवळ गेलं की यांचं सुरू, "नाजूक शे हो ताई, हात नका लावू!" मग खिशातल्या रुमालाने आधी स्वतःचं टक्कल पुसायचं आणि त्याच रुमालाने मशीन.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रावेरकडच्या एका आबांच्या बागेतली चकती काचेवर ठेवली. पडद्यावर पाच झगझगीत डाग उमटले. मी काही बोलायच्या आत यांनी आबांना फोन लावला. "आबा, बठ्ठी बाग उपटा. रोग पसरी गया!"

मी डाग मोठे करून पाहिले. बुरशी कुठली, बोटांच्या रेषा होत्या त्या! आदल्या दिवशीच्या पूजेत यांनी काचेला हळदीची पाच बोटं लावली होती, आणि हळद निळ्या प्रकाशात चमकते. फोन हिसकावून घेऊन मी आबांना सगळी बाग उपटण्यापासून थांबवलं.

"पूजा तर करावीच लागते ना," एवढंच ते म्हणाले.

यंदाच्या दसऱ्याला मात्र त्यांनी काळजी घेतली. आधी रबरी हातमोजे घातले, आणि मग काचेला हळदीची पाच बोटं लावली.